व्यंकटअण्णांची रेघ

आमचे घरमालक व्यंकटअण्णा जयनगरच्या बाजारात जातात आणि अर्धा तास काहीही न घेता टोमॅटोवालीसमोर उभे राहतात. किती गिऱ्हाइकं आली, किती किलो हललं, हे मनात मोजत. सुरुवातीला ती बाई त्यांना महापालिकेचा माणूस समजून पाट्या आवरायची!

"भाव काय, कुणीही विचारतं," ते मला सांगतात. "माल किती हलला ते विचार की गं! भाव स्वल्प उशिरा येतो. आधी गर्दी हलते."

मी पुण्याची, आयटीतली, त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. अण्णांचं घराणं मात्र पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. बोलतात मराठीत, चिडतात कन्नडमध्ये.

निवृत्त झाल्यापासून हे गृहस्थ शेअरबाजार उघडला की टीव्हीसमोर बसतात, ते बंद होईपर्यंत हलत नाहीत. भिंतीवर आलेखाचे कागद डकवलेत. भाव चढला तर त्या दिवशी जितके शेअर विकले-घेतले गेले तो आकडा मिळवायचा, उतरला तर वजा करायचा, आणि पेन्सिलीनं रेघ पुढं न्यायची. हे काम मोबाइल फुकटात करतो, असं मी एकदा बोलून बसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला वाटायचं, म्हातारा बक्कळ कमावत असणार. कसलं काय! एक शेअर नाही नावावर. आणि भिंतीवरचे सगळे आलेख एकाच कंपनीचे.

"गिरीश तिथं आहे," अण्णा म्हणाले.

गिरीश त्यांचा एकुलता एक मुलगा, त्यांना कन्नड वळणानं अप्पा म्हणणारा. राहतो येलहंक्यात, म्हणजे याच गावात! पण दीड वर्ष बापलेकांत शब्द नाही. त्यानं ही नोकरी धरली तेव्हा अण्णांनी भर पंगतीत, त्याच्या सासरच्यांदेखत ठणकावलं होतं, "ही कंपनी पडणार. रेघ बघ माझी." गिरीश भरल्या ताटावरून उठला तो उठलाच.

गेल्या बुधवारी मी घरून काम करत होते. अकराला खालून हाक आली. अण्णांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता, मी तशीच धावले.

आठवडाभर भाव रोज चार-आठ आण्यांनीच उतरत होता, पण शेअर मात्र ढिगानं विकले जात होते. रेघ कागदाच्या तळाला टेकली होती. अण्णांनी खाली दुसरा कागद जोडला होता.

"आतल्या कुणालातरी कळलंय. गुपचूप काढून टाकतायत," ते म्हणाले. "आता माणसं काढतील."

"मग फोन करा ना त्याला!"

"काय सांगू? मी म्हटलं नव्हतं का, असं? दुसरं काहीही बोललो तरी त्याला तेच ऐकू येणार गं."

फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. बारा वाजले, साडेबारा झाले. पाण्याचा पेला तोंडाला लावत होते, पीत नव्हते. शेवटी माझंच डोकं फिरलं. "अण्णा, भिंतीकडं बघून काय होणारे? उठा! तो नसला तरी सून भेटेल."

बाजार बंद व्हायला तीन तास होते. तरी उठले. रिक्षात दर सिग्नलला विचारायचे, "बघ गं, किती विकले गेले?" मी मोबाइल बघायची आणि आकडा सांगायची. तो दर वेळी वाढलेला. खोटं सांगावं असं फार वाटलं, पण जमेना.

दार गिरीशनंच उघडलं. बुधवारी, भरदुपारी. दाढी वाढलेली, अंगात चुरगळलेला टीशर्ट. बापाला बघून त्याचा चेहरा पडला.

"पंधरा दिवस झाले काढून," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं, अप्पा?"

या माणसाचं दीड वर्षापूर्वीचं भाकीत खरं ठरलं होतं. आता सुटतोय तोंडाचा पट्टा, म्हटलं.

"कशाचं कोण सांगणार? मला आत्ता कळतंय," अण्णा म्हणाले. "ही आमच्या वरची. हिचं इकडं काम होतं, सोबतीला आलो." आणि माझ्याकडं असं बघितलं, की मी निमूट मान डोलावली.

गिरीश दारातून बाजूला झाला. मग हळूच, टोमणा खायच्या तयारीनं, त्यानं विचारलं, "आणि तुमची ती रेघ?"

"ती होय? सोडली रे कधीच," चपला काढत अण्णा म्हणाले. "सारखी चुकायची."