बेंबीभोवतीच्या शिरा

कांबळे सरांकडे जायचं असेल तर पोट दाखवायची तयारी ठेवावी. आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत आता याची कुणालाच लाज वाटत नाही. सर मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायचे. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, शिकवणं काही संपलं नाही. दारात पुरुष दिसला की म्हणतात, "जरा शर्ट वर करा." गणपतीची वर्गणी मागायला गेलेल्या सेक्रेटरीलाही त्यांनी सोडलं नव्हतं.

बेंबीभोवती फुगलेल्या शिरा शोधतात ते. आतड्यांकडून येणारं रक्त यकृतातून पुढे हृदयाकडे जातं. यकृत कडक झालं की ती वाट तुंबते. "तुर्भ्याला जाम लागला की ट्रक बोनकोड्याच्या गल्लीत घुसणारच," हे सरांचं ठरलेलं वाक्य. गल्ल्या म्हणजे बेंबीजवळच्या, अन्ननलिकेतल्या बारीक शिरा. त्या फुगतात, आणि अन्ननलिकेतली एखादी फुटली तर माणूस रक्त ओकतो. एवढं सांगून सर आपल्यापुढे बिस्किटं सरकवतात. ती खाववत नाहीत.

मागच्या महिन्यात जनादादा भोईर आमची टाकी धुवायला आले होते. शर्ट काढून उभे होते. सर त्यांच्या पोटाकडे बघत राहिले, आणि भाषण न देता मला रिक्षा आणायला म्हणाले. तेव्हाच मी घाबरलो.

जनादादा वैतागले. "मना काय झालाय? मी दारूला हात पन लावत नाय."

अंगात मुरलेली कावीळही यकृत खाते, असं सांगत सरांनी त्यांना रिक्षात बसवलं. हॉस्पिटलात दुर्बीण घातली, तर अन्ननलिकेतल्या शिरा फुटायच्या बेतात होत्या. त्या शिरा आवळायला लगेच रबराच्या रिंगा घालायच्या ठरल्या. घरच्या माणसाची सही हवी होती, आणि जनादादांची बायको मोऱ्याला माहेरी गेलेली. सरांनी फॉर्म ओढला, सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं, 'भाऊ'.

कांबळे आणि भोईर, हे कसं चालेल, असं मी हळूच विचारलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. "माझा धाकटा भाऊ असाच गेला," ते म्हणाले. "मी वर्गात पोरांना याच शिरा शिकवत होतो. घरी त्याला कधी म्हटलं नाही, शर्ट वर कर म्हणून."

तासाभराने नर्स बाहेर आली. सगळं नीट झालंय, म्हणाली, आणि भोईरांचे भाऊ कोण, असं विचारलं.

"मी," सर म्हणाले आणि चपला तिथेच विसरून आत गेले.