शाफ्ट एक, दम वेगळा

सुपडूनानांच्या डोक्यावर एक केस नाही, पण खिशात कंगवा असतो. स्क्रूड्रायव्हर आणि टेस्टरच्या मधोमध, लाल, रुंद दातांचा. सुरतेच्या आमच्या लिंबायतमध्ये त्यावरचे विनोदही आता जुने झालेत. मला वाटायचं, कॉम्प्युटरमधली धूळ काढायला असेल. पण त्यासाठी नाना दाढीचा ब्रश वापरतात.

नाना लूम दुरुस्त करणारे मास्तर. सारी हयात इथल्या खात्यांत, म्हणजे लूमच्या कारखान्यांत गेली. कॉम्प्युटर शिकले ते भंगारातली मशीनं उघडून. दुकानदार ज्याला ‘नवीन घ्या’ म्हणतात, ते मशीन नाना पळवून दाखवतात, आणि आतलं काहीही न जाळता. आधी झाकण काढून हार्डडिस्कवर दोन बोटं ठेवतात, नाडी बघितल्यासारखी. मग निकाल देतात, “म्हातारी थकेल शे. हिले नही पळाडनं.”

आमच्या वाचनालयात एकच कॉम्प्युटर, तोही कुणी टाकून दिलेला. बॉबिन भरणाऱ्या बायांची निवेदनं मी त्यात टाइप केली होती. नावं दिली तर काम जाईल म्हणून बिननावाची. पुस्तिका रविवारी छापायला द्यायची होती, आणि एक पान उघडायला चहा पिऊन होत होता. निवेदनांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. मशीन पळवायला बोलावलेल्या नानांनी यावरून मला भर वाचनालयात झापलं. लढायला निघालास आणि सगळ्या बायांचं बोलणं एकाच टोपलीत ठेवलंस, म्हणाले.

मग त्यांनी आमची डिस्क काढून उशाला घेतल्यासारखी शेजारी ठेवली आणि चाचणीला स्वतःची भंगार डिस्क जोडली.

“बस म्हंजे खात्याना शाफ्ट,” नाना म्हणाले. बस म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना जोडून वेग देणारी वाट; खात्यात जसा एकच शाफ्ट फिरतो आणि त्यावर पट्ट्यांनी सगळं खातं चालतं, तशी. शाफ्टचा वेग वाढवला की प्रोसेसर पळतो, पण मेमरी आणि डिस्कही फरफटत जातात. म्हणून त्यांची पुली आधी बदलायची. त्यांनी डिस्कची वाट जुन्याच वेगावर बांधून ठेवली, मेमरी एक पायरी उतरवली. “शाफ्ट एक शे, पन बठ्ठासना दम येगळा शे.” म्हणजे दम ज्याचा त्याचा.

बसचा वेग एकशे तेहतीस मेगाहर्ट्झवरून दोन-दोनने चढवत गेले. दर पायरीला फायली उघडून बघायचे, बोटांनी गरमी तपासायची. एकशे एकोणपन्नासला मशीन सुरू झालं, अर्धा तास चाललं आणि गोठलं. नाना मागे आले, एकशे पंचेचाळीसवर थांबले.

मी वैतागलो. “नाना, अर्धा तास चाललं ना? चार आकड्यांनी काय होतंय?”

नानांनी हात पुसले. “शेठ बी हाईच बोलना व्हता.”

शेठच्या हुकुमावरून त्यांनी एकदा मोटरवर मोठी पुली चढवली होती. लूमनी तो वेग पेलला. पण त्याच शाफ्टवर बॉबिनचं मशीन होतं. त्याची पुली बदलायला वेळ द्या, असं त्यांनी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. त्या मशीनवर नानी होत्या.

पुढचं मला ठाऊक होतं. सातवं निवेदन मीच टाइप केलं होतं: ‘पुली बदलली त्या दिवशी धागा बोटांत शिरला. मास्तरचा दोष नाही, लिहून ठेवा.’ नानांनी ते वाचलंय की नाही, मी विचारलं नाही. आमची डिस्क त्यांनी स्वतःच्या हाताने परत बसवली. एक अक्षर हललं नाही. पुस्तिका रविवारी छापखान्यात गेली. असा मास्तर आमच्या गल्लीत राहतो, हे मी आता छाती ठोकून सांगतो.

पहिली प्रत द्यायला त्यांच्या घरी गेलो. नानी उंबऱ्यात पाठमोऱ्या बसल्या होत्या, उजव्या हाताची न वळणारी बोटं मांडीवर. मागे नाना, हातात लाल कंगवा, तोंडात रिबन.

“आवरा ना लवकर,” नानी म्हणाल्या, “दुपार व्हई गई.”

नानांनी गुंता हळूच मोकळा केला. वेग वाढवला नाही.