पहिला आकडा धरत नाहीत

छटाकचा निकाल आला तेव्हा तिचे वडील चहा दुसऱ्यांदा चाखून बघत होते. पहिला घोट त्यांनी जन्मात कधी हिशेबात धरला नाही.

त्यांचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. वाण्याचे, भंगारवाल्याचे, सोनाराचे, दवाखान्यातले, अख्खा ट्रक तोलणारे, सगळे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले. आणि या धंद्याचा पहिला नियम असा, की पहिला आकडा धरायचा नाही. काटा निजलेला असतो. पहिल्या वजनाला तो नुसता आळस देतो, दुसऱ्याला डोळे उघडतो. नियम दुकानापुरता राहिला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. पण तो कधीच घरात येऊन बसला होता. लग्नासाठी मुलीने होकार दिला, तर हे दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या दारात हजर. म्हणाले, "कालचं धरत नाही. आज सांगा." ती मुलगी, म्हणजे छटाकची आई, अजून म्हणते की त्या दिवशी नाही म्हणायचं मनात आलं होतं, पण असं विचारायला येणारा माणूस पुन्हा बघायला मिळाला नसता. पुढे छटाक जन्मली, नर्सने तोलून आकडा सांगितला. यांनी बाळ पुन्हा तोलायला लावलं, मग काटाच उघडून त्यात तेल सोडलं. तेव्हापासून त्या दवाखान्यात, खोटं वाटेल, एकही मूल वजनाला कमी भरलेलं नाही. आपली ही मात्र दोन्ही वेळा इवलीशीच भरली. म्हणून छटाक.

"बाबा, सातशे एकाहत्तर," छटाक फोनकडे बघत म्हणाली. स्वतःच्या हातात साप निघावा तसा तिने तो फोन धरला होता.

"कशापैकी?"

"आठशेपैकी."

आईचा चमचा हवेतच राहिला. ही परीक्षा होती बिझनेस स्कूलच्या प्रवेशाची, आणि तिच्यात सहाशे मिळवलेला एक मुलगा गावात होता, त्याला लोक लांबून एकमेकांना दाखवत. सातशेच्या वर माणसं असतात हे फक्त ऐकून माहीत होतं. त्यातही निर्णयक्षमता नावाच्या भागात छटाकला पैकीच्या पैकी होते. वर स्कूलचा निरोप होता, की जागा तुमचीच. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवा.

वडिलांनी कप खाली ठेवला. "छान," ते म्हणाले. "आता परत दे."

"अहो, काय परत दे?" आई म्हणाली. "डोंगर चढून वर पोचली पोरगी, आणि तुम्ही म्हणताय खाली ये, पुन्हा चढून दाखव."

"मी कुठे काही वाईट बोललो? पहिला आकडा धरत नाहीत, एवढंच."

"परत दिली तर जुने गुण पुसतात, बाबा," छटाक म्हणाली. "नवे येतील तेच खरे. पाचशे आले तर पाचशे. जागाही गेली."

"पाचशेच असतील तर पाचशेच धरायला हवेत ना, बाई?"

एक गोष्ट छटाकने कोणाला सांगितली नव्हती. परीक्षेत शेवटी वेळ संपत आला, तेव्हा उरलेल्या साऱ्या प्रश्नांना तिने डोळे मिटून तिसरा पर्याय ठोकून दिला होता. ते सातशे एकाहत्तर डोक्याचे की नशिबाचे, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. शिवाय रक्त काटेवाल्याचं. दूध नासलंय का हे तीसुद्धा दोनदा हुंगून ठरवायची.

"विचार करते," ती म्हणाली आणि कामाला गेली.

ती गाद्यांच्या कारखान्यात खरेदीचं काम बघायची. तिच्या आधी बातमी पोचली होती, कारण शिलाई विभाग आत्याच्या हाताखाली होता आणि आत्याला तिच्या भावाने सकाळीच फोन केला होता. आत्याने सगळी यंत्रं बंद करून सांगितलं, "आमच्या छटाकला सातशे एकाहत्तर पडले. आणि तरी म्हणते, परत देऊ का विचार करते."

यंत्रं बंदच राहिली. सातशे एकाहत्तर मिळवणं ही एक गोष्ट. ते मिळवून, बघून, बाजूला सारणं ही भलतीच. सातशे एकाहत्तर जिला पुरत नाहीत, तिच्या मनात आहे तरी काय? छटाक आत आली तेव्हा बायका उठून उभ्या राहिल्या. एकीने तिच्या डोक्याकडे इतकं टक लावून पाहिलं, की छटाकने केसात काही अडकलंय का ते चाचपून बघितलं. दोनदा.

मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसले.

"एक विचारू का?" ते हळूच म्हणाले. "यंदाच्या गाद्या स्प्रिंगच्या करू का फोमच्या?"

"मालक, मला काय कळतंय त्यातलं? मी सुया नि दोरे मागवते."

"तुला निर्णयक्षमतेत पैकीच्या पैकी आहेत म्हणे."

"ते कागदावरचं हो. इथे माझं मलाच ठरत नाहीये."

मालकांचे डोळे विस्फारले. जिला पैकीच्या पैकी, तिचंही इतक्यात ठरत नाही. आणि आपण आजवर जेवता जेवता ठरवत आलो. त्यांना स्वतःच्या साऱ्या आयुष्याची भीती वाटली. "बरोबर आहे," ते म्हणाले. "तू आधी तुझं ठरव. ते कसं ठरवतेस ते बघतो, मग मी माझं ठरवतो."

तिथून जे सुरू झालं ते सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतात. फोमचा ट्रक फाटकाशी आला. आत घ्यायचा की परत पाठवायचा हे कोणी सांगेना. ड्रायव्हरने विचारलं, "किती वेळ?" वॉचमन म्हणाला, "मॅडमचं ठरेपर्यंत." कोणत्या मॅडम, काय ठरेपर्यंत हे ऐकल्यावर तो ड्रायव्हरही गाडीतून खाली उतरून अदबीने उभा राहिला. ट्रक अडकला म्हणून मागची वाहनं अडकली. त्यांतले लोक कंटाळून शेजारच्या न्हाव्याकडे दाढीला बसले. तिथे बातमी पोचल्यावर न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उतरवून वस्तरा थांबवला.

"उरलेली ठेवू की काढू, हे एकदम सांगू नका," तो म्हणाला. "तिकडे सातशे एकाहत्तरवाली अजून विचार करतेय."

गिऱ्हाईक शहाणं होतं. विचार करतो म्हणालं आणि अर्ध्या मिशीनिशी घरी गेलं. बायकोने दारात हे काय विचारलं, त्याने कारण सांगितलं. खोटं वाटेल, पण ती बाई बराच वेळ त्याच्याकडे कौतुकाने बघत राहिली.

शुक्रवार उजाडेपर्यंत सगळा रस्ता खोळंबला होता. घराला कोणता रंग द्यायचा हे न ठरलेल्या भिंती, नोकरी सोडू की नको म्हणून दारातच उभा असलेला एक कारकून. छटाक रस्त्याने निघाली की बोलणी थांबत. लोक तिच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत. ती मात्र मनात एकच प्रश्न घोळवत होती: परत बसले आणि उघडं पडलं तर?

दुपारी ती वडिलांच्या दुकानात गेली. ते एका जुन्या काट्यावर वजन ठेवत होते, उचलत होते, पुन्हा ठेवत होते.

"ठरलं का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"बाबा, खरं सांगू? शेवटचे प्रश्न मी अंदाजाने सोडवले. मला भीती वाटते."

वडिलांनी वजन खाली ठेवलं. "कसली?"

"की माझं वजन तेवढं नाहीये."

ते पुन्हा कामाला लागले, आणि छटाक त्यांच्या हातांकडे बघत राहिली. वजन ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं.

"बाबा, हे दोनदा ठेवता ते वजनाची खात्री करायला?"

"छे. वजनाची कसली खात्री करायची? वजन आहे ते आहे. मी काटा तपासतो."

"मग मी दोनदा बसायचं ते कोणाला तपासायला?"

वडिलांचा हात तसाच थांबला. त्यांनी वजनाकडे पाहिलं, मग पोरीकडे. एवढी वर्षं ज्या नियमावर कुटुंब चालवलं, त्याला हा दरवाजा होता हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"स्कूलचा काटा स्कूलने तपासावा," छटाक म्हणाली. "मी वजन आहे."

"तुला त्यांनी सातशेच्या वर का दिले ते आत्ता कळलं," वडील पुटपुटले आणि स्टुलावर बसले.

छटाकने तिथेच फोन काढून स्कूलला 'येते' असं कळवलं. बातमी दुकानाबाहेर पडायला वेळ लागला नाही. मालकांनी स्प्रिंग म्हटलं आणि ट्रक मागे वळला. न्हाव्याने वस्तरा चालवला. कारकुनाने नोकरी सोडली. तो अजून सुखात आहे. कुणाचं काय चुकलं असेल तर ते मला ऐकू आलेलं नाही.

सोमवारी स्कूलचा फोन आला. बोलणाऱ्या बाईंचा आवाज अगदी मऊ होता.

"अभिनंदन. फक्त एक छोटीशी विनंती आहे. सातशे साठच्या वरचे गुण आम्ही लगेच धरत नाही. आमच्यासमोर एकदा परत परीक्षा द्यावी लागेल."

वडिलांनी फोनला कान लावलाच होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते देवळातून बाहेर पडणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं.

"पहिला आकडा धरत नाहीत," ते आईला म्हणाले. "अगं, स्वतःचा काटा स्वतः तपासतात. माणसं आहेत की काय. डोळे मिटून पाठव हिला."

आई म्हणाली, "तुम्ही पोचलेले, आणि तेही पोचलेले. मध्ये माझी पोर."

छटाक गेली. मोठी खोली, एकटीच ती, समोर तीन प्राध्यापक. या वेळी तिने अंदाजाला हात लावला नाही. एकेक प्रश्न सोडवला आणि शेवटच्या प्रश्नाशी आली तेव्हा घड्याळात वेळ शिल्लक होता. तिने तो पुन्हा एकदा सोडवून पाहिला.

निकाल ऐकायला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्या, मालक, वस्तरा हातात घेऊन न्हावी, शिलाई विभाग, आणि त्या ट्रकचा ड्रायव्हर, जो मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. छटाकने फोन उघडला, वाचला, आणि तिला बसावं लागलं.

"सातशे एकाहत्तर," ती म्हणाली.

अंदाजाने सातशे एकाहत्तर, विचाराने सातशे एकाहत्तर. मालकांनी टोपी काढली. आत्या रडायला लागली. छटाकच्या छातीवरचा दगड उतरला. ती आपली आपल्याला पहिल्यांदाच पूर्ण वजनाची वाटली, आणि तिने हसून वडिलांकडे पाहिलं.

वडिलांचा चेहरा उतरला होता.

"अगदी तोच आकडा?" त्यांनी विचारलं. "एकानेही पुढेमागे नाही?"

"नाही, बाबा."

"हं," ते म्हणाले.

छटाकला स्कूलमध्ये सोडायला ते स्वतः निघाले. तिची बॅग एका हातात, आणि दुसऱ्या हातात दुकानातली जुनी पिशवी. बसमध्ये ती वाटभर किणकिणत होती.

"बाबा, त्यात काय आहे?"

"काही नाही. पाना आणि तेलाची बाटली." त्यांनी पिशवी मांडीवर नीट घेतली. "तुझ्यावर माझा विश्वास आहे गं. त्यांचा काटा अडकलाय."