श्रीकांतचा फुल बॉडी चेक-अप

श्रीकांतला काहीही होत नव्हतं, आणि हीच त्याची मुख्य तक्रार होती.

हॉलंडमध्ये युट्रेख्टला राहायला आल्यापासून त्याने फॅमिली डॉक्टरीणबाईंकडे नाना परींनी 'फुल बॉडी चेक-अप' मागून पाहिला होता. बाई विचारत, "नेमकं काय होतंय तुम्हाला?" तो म्हणे, "काही नाही." "मग छानच की," असं म्हणून बाई निरोप देत. फारच रेटून धरलं तर पॅरासिटमॉल घ्यायला सांगत. इकडे पुण्यात त्याचा थोरला भाऊ राजस दर वाढदिवसाला लॅबमध्ये जाऊन येई आणि आपलं कोलेस्टेरॉल घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकी. त्यावर मावश्या फुलं पाठवत. श्रीकांतकडे टाकायला काहीच नव्हतं. पंचेचाळिशीचा, परदेशात मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, आणि स्वतःचं कोलेस्टेरॉल माहीत नाही. चारचौघांत सांगायची सोय नव्हती.

अशात लायडनच्या एका संशोधन केंद्राची जाहिरात त्याला दिसली. नव्या औषधाच्या चाचणीसाठी निरोगी माणसं हवी होती, आणि निवड करण्याआधी रक्त, लघवी, हृदय, यकृत असं सगळं तपासून मिळणार होतं.

"म्हणजे रिपोर्टसाठी तू उंदीर होणार," पद्मजा म्हणाली.

"उंदीर नाही गं, स्वयंसेवक. आणि औषध घेईपर्यंत थांबतंय कोण? रिपोर्ट हातात आले की सांगायचं, ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, जमणार नाही."

मानवजातीची सेवा करायला निघालेल्या नवऱ्याकडे पद्मजाने कौतुकाने पाहिलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

केंद्राने सूचना पाठवल्या होत्या: काही दिवस दारू नको, कॉफी नको, खसखस लावलेला पाव नको. श्रीकांतने दारू सोडली, जी तो पीत नव्हता. कॉफी सोडली, जी त्याला पचत नव्हती. इथल्या पावाला तर तो स्पंज म्हणत असे. एवढा त्याग केल्यावर त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं.

तपासणीच्या आदल्या दिवशी पद्मजाच्या अनारशांना जाळी पडली. हॉलंडच्या दमट हवेत तिचे अनारसे दर दिवाळीला एक तर तुपात विरघळत, नाहीतर कौलासारखे कडक होत. या वर्षी मात्र खसखशीवर थापलेला प्रत्येक अनारसा कसा नक्षीदार फुलून आला. अशा वेळी 'नको, उद्या तपासणी आहे' म्हणणारा नवरा निरोगी राहत नाही, हे श्रीकांतला ठाऊक होतं. त्याने अर्धा डबा संपवला.

दुसऱ्या दिवशी केंद्रात लघवी तपासून झाल्यावर एका तरुण डॉक्टरने त्याला छोट्या खोलीत बसवलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"अफूचा अंश सापडलाय," तो हळुवारपणे म्हणाला. "खसखस खाल्ली होती का? पावावरची वगैरे?"

"मी तुमच्या पावाला हातसुद्धा लावत नाही," श्रीकांत ताठ मानेने म्हणाला, आणि सुटकेचं एकमेव दार त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतलं.

डॉक्टर अजिबात रागावला नाही. या देशात तुम्हाला कुणी नावं ठेवत नाही. समजून घेतात, ते जास्त भयंकर. "चाचणीत तुम्हाला घेता येणार नाही, त्यामुळे पुढच्या तपासण्याही होणार नाहीत," तो म्हणाला. "पण तुमच्या फॅमिली डॉक्टरांना कळवलं तर चालेल ना?"

श्रीकांतने होकारार्थी मान हलवली. घरी येऊन त्याने सगळं सांगितलं, तेव्हा पद्मजाने उरलेला अर्धा डबा त्याच्यापुढे ठेवला.

"अरे, अनारसे."

"अरे देवा," श्रीकांत म्हणाला.

एरवी अपॉइंटमेंटसाठी आठवडेच्या आठवडे ताटकळावं लागे. या वेळी दवाखान्यातून स्वतःहून फोन आला आणि दोघांना लगेच बोलावलं. डॉक्टरीणबाई प्रथमच टेबल सोडून त्याच्या शेजारी येऊन बसल्या.

"आता काहीच सोडायचं नाही," त्या म्हणाल्या. "यकृत, मूत्रपिंड, हृदय, साखर, कोलेस्टेरॉल, सगळं बघू."

"सांग ना अनारशांचं," पद्मजा मराठीत कुजबुजली.

"थांब जरा. कोलेस्टेरॉल म्हणतायत त्या."

"अरे, व्यसनी ठरशील."

"ठरू दे. व्हिटॅमिन डी राहिलंय अजून."

"कधीपासून घेताय?" बाईंनी विचारलं.

"लहानपणापासून," श्रीकांत खरं तेच बोलला. "सणासुदीला. आई द्यायची."

बाईंचे डोळे पाणावले. त्यांनी यादीत थायरॉइडही घातलं.

सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. श्रीकांतने ते एकेक करून, चवीचवीने ग्रुपवर टाकले. मावश्यांनी फुलांचा खच पाडला. राजसची साखर या वर्षी काठावर होती. त्याने बऱ्याच वेळाने एक अंगठा तेवढा पाठवला. आयुष्यात आणखी काय हवं असतं?

डॉक्टरीणबाईंची फक्त एक अट होती. दर गुरुवारी संध्याकाळी व्यसनमुक्तीच्या गटात जाऊन बसायचं.

तिथे गोल मांडलेल्या खुर्च्या होत्या, कॉफी होती आणि माणशी एक बिस्कीट. श्रीकांत बसला आणि त्याने शेजारी पाहिलं. शेजारी राजानंद होते. विद्यापीठात संशोधन करणारे, मराठी मंडळाच्या सहलीत मुलांना सुपारीसुद्धा खाऊ न देणारे राजानंद. दोघांनी बराच वेळ आपापल्या बुटांचा अभ्यास केला.

"तुम्हीसुद्धा?" शेवटी श्रीकांतने खालच्या आवाजात विचारलं.

"खसखशीची खीर," राजानंद ओठ न हलवता म्हणाले. "तुमचं चुकून झालं असेल. मी मुद्दाम खाल्ली, आठवडाभर. कोलेस्टेरॉल किती आलं तुमचं?"

"एकशे सत्तर."

"वा. पण चेहरा असा हसरा नका ठेवू. महिनाभरात सुधारणा दिसली नाही, तर एमआरआय करतात."

तेवढ्यात गट चालवणाऱ्या बाई श्रीकांतकडे वळून मायेने म्हणाल्या, "मग, कसा गेला तुमचा आठवडा?"

श्रीकांतने हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं, खांदे पाडले आणि खोल श्वास घेतला.

"फार कठीण गेला हो," तो म्हणाला.

राजानंदांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.