किसनसिंग ठणठणीत आहेत

बंजारा भरतकामाचं जॅकेट जीन्सवर कसं शोभतं, हे अख्ख्या नागपूरला दाखवून द्यायचं मी ठरवलं होतं. यवतमाळात माझं बुटीक आहे, डोक्यात कल्पना आहेत आणि दारव्ह्याजवळच्या तांड्यावर मैनाबाई आहेत. आरशांचं आणि कवड्यांचं काम करावं तर त्यांनीच. त्या सुई धरतात म्हणून तांड्यावरच्या बाकीच्या बायका धरतात. त्या रुसल्या, तर माझ्या प्रदर्शनात नुसते हँगर!

जाहिरातीसाठी मी मैनाबाईंचाच फोटो काढला. त्यांच्या नेहमीच्या घागरा-कांचळीवर माझं बिनबाह्यांचं जॅकेट. सुरेख! फक्त गालांवर लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या आणि दंडभर चुडा, या गर्दीत जॅकेट हरवत होतं.

"पुसून टाकतो," माझा नवरा मंदार म्हणाला. त्याने फोनवर बोट फिरवलं आणि दागिने गेले. "बघ, कसा मॉडर्न लूक आला."

मी भाळलेच. फोटो लगेच सगळीकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मैनाबाईंचा फोन.

"ऋचाताई, घरी या. लोकं रडून राह्यले."

"का हो, काय झालं?"

"येऊन पाहा."

मी आणि मंदार पोचलो तर दाराशी आर्णीहून नातेवाईक घेऊन आलेली जीप. ओसरीत मैनाबाईंची नणंद त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडत होती, आणि शेजारच्या खाटेवर मैनाबाईंचे यजमान किसनसिंग पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते.

"माही बहीण," ते मला म्हणाले. "मले पाह्यलं तरी थांबून नाही राह्यली. म्हणते, जीपमधी सुरू केलं, आता आवरत नाही."

मैनाबाईंनी नणंदेला बाजूला केलं. "ताई, आमच्यात घुगरी अन् चुडा बाई कधी उतरवते, माहीत हाये? मालक गेल्यावर. तुम्ही फोटोत यायले मारलं."

मी मंदारकडे पाहिलं. मंदारने दारातल्या बकरीकडे पाहिलं. एवढा अभ्यास, एवढी धडपड, आणि मी केलं काय, तर एका सवाष्णीचं कुंकू पुसलं! मला ढसाढसा रडावंसं वाटलं, पण तिथे आधीच रांग होती.

"चुकलं माझं, मैनाबाई."

"चुकलंच. आता हे जित्ते हायेत, हे साऱ्याईले दिसलं पाह्यजे. तसा फोटो दरवाज्यातच लावा तुमच्या परदर्शनात. नाहीतर अर्धवट राह्यलेले जॅकेट आजच घेऊन जा."

मी हो म्हटलं. न म्हणून सांगते कुणाला? मैनाबाईंनी सगळ्या घुगऱ्या पुढे घेतल्या, चुडा नीट केला. किसनसिंगांनी नवा फेटा बांधला आणि आपण ठसठशीत दिसावं म्हणून बायकोच्या पुढ्यात खुर्ची टाकून, मांड्यांवर हात ठेवून बसले. फोटोत ते इतके जिवंत आले की जॅकेटची एक कवडीसुद्धा दिसेना.

परतीच्या वाटेवर मंदार बराच वेळ तो फोटो न्याहाळत होता.

"ऋचा," तो हळूच म्हणाला, "किसनसिंगांना पुसून टाकू का? जॅकेट छान दिसेल."