चौदाव्या खुर्चीवरचा संदर्भ

वैद्यकीय जर्नलमध्ये निबंध छापून यायचा तर त्यातले सगळे संदर्भ सदेह हजर करावे लागतात, आणि निबंधात ज्या क्रमाने त्यांचा उल्लेख येतो त्याच क्रमाने त्यांना खुर्च्यांवर बसवावं लागतं. त्यामुळे त्या मंगळवारी डॉ. हेमलता तळवणेकर यांच्या त्वचारोग विभागात लग्नघरासारखी गर्दी होती, यात कुणाला नवल वाटलं नाही.

प्रत्येक संदर्भ आपापल्या लेखकांना घेऊन आला होता. नियमाप्रमाणे पहिले सहा लेखक आत आणि उरलेले 'आणि इतर' म्हणून व्हरांड्यात. व्हरांड्यातले कुरकुरत होते, पण ते नेहमीच कुरकुरतात. पहिल्या खुर्चीवर जाड पुठ्ठ्याच्या कोटातलं एक पाठ्यपुस्तक ऐसपैस बसलं होतं. शेवटच्या खुर्चीवर एक संकेतस्थळ होतं. 'मला शेवटचं कधी पाहिलंत' हे तारखेसकट सांगितल्याशिवाय ते कुणाला ओळखच देत नव्हतं.

विषय होता काजूच्या टरफलाचा चीक. कोकणातल्या काजू कारखान्यांत बायका टरफलं फोडतात, चीक हाताला लागतो आणि कातडी सोलून निघते. हेमलताबाईंनी सहा वर्षं हे हात पाहिले होते. काम थांबवल्यावर कातडी भरून यायला सात आठवडे लागतात, असं त्यांना दिसलं होतं. कारखाने मात्र तीन आठवड्यांतच बायकांना परत बोलावत, कारण बाईंच्या यादीतला संदर्भ क्रमांक चौदा तसं म्हणत होता.

या चौदाने बाईंच्या नाकीनऊ आणले होते. 'जखम तीन आठवड्यांत आपोआप भरते' हे त्याचं वाक्य. तीन जर्नलांनी बाईंचा निबंध एकाच शेऱ्यासह परत पाठवला होता : क्रमांक चौदाशी विसंगत. चौथ्याने तो ठेवून घेतला, फक्त पडताळणी बाकी होती. ती फसली, तर नियमाप्रमाणे निबंध कायमचा बाद. मग ते सोललेले हात तीन आठवड्यांनी पुन्हा टरफलं फोडायला बसणार, ते बसतच राहणार.

"मॅडम, सगळे इले," बाबल शिपाई दारातून म्हणाला. "चौदा नंबर तेवढो दिसणा नाय. तेचो चाय सांगू काय नको?"

बाईंनी रांग मोजली. तेरा आणि पंधरा यांच्यामधली खुर्ची खरोखरच रिकामी होती.

विभागप्रमुख डॉ. पाध्ये यांनी बाईंना बाजूला घेतलं. पाध्ये वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त सगळं दुपारच्या जेवणाआधी उरकायला आवडायचं.

"तळवणेकर मॅडम, माझा साडू खाली गाडीत बसलाय. कोट आहे त्याच्याकडे. बसवा त्याला चौदावर."

"आणि खंड, पान विचारलं तर?"

"सांगेल काहीतरी. तो विम्याचं काम करतो."

"नको सर."

"अहो, सगळीकडे एखादा साडू असतोच!"

"माझ्याकडे नसेल," बाई म्हणाल्या.

एवढ्यात जर्नलचे पडताळणी अधिकारी बिवलकर आले. बारीक अंगाचा, अतिशय सभ्य आणि अजिबात न हसणारा गृहस्थ. त्यांनी एकापासून सुरुवात केली. प्रत्येकाने उभं राहून नाव, जर्नलचं आखूड नाव, वर्ष, खंड आणि पान सांगायचं. वर्ष सांगून झालं की अर्धा श्वास थांबायचं. सात नंबर पूर्ण श्वास थांबला म्हणून त्याला पुन्हा म्हणायला लावलं. अकरा नंबरचे सात लेखक आत शिरले होते, त्यातल्या सातव्याला बाहेर काढलं. तो जाताना रडला.

बिवलकर रिकाम्या खुर्चीसमोर थांबले.

"हे कुठे आहेत?"

"आले नाहीत," बाई म्हणाल्या.

"आपण यांना शेवटचं कधी वाचलंत?"

पाध्ये खिडकीबाहेर पाहू लागले. बाईंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सहा वर्षं एकेका बाईचं एकेक बोट तपासलं, आणि ज्याच्याशी आपण भांडत होतो त्याचं तोंड कधी पाहिलंच नाही.

"वाचलं नाही," त्या म्हणाल्या. "नऊ नंबरच्या यादीतून उचललं."

बिवलकर नऊकडे वळले. नऊ नंबर केरळातून आलेला, म्हातारा आणि सगळ्यांत मानाचा संदर्भ होता. तो काठी टेकत उठला.

"मीही त्यांना भेटलो नाही," तो म्हणाला. "पाच नंबरने नाव सुचवलं."

पाच नंबर उठला. त्याने पाठ्यपुस्तकाकडे बोट केलं. पाठ्यपुस्तक बराच वेळ आपल्या पुठ्ठ्याशी चाळा करत राहिलं.

"आमच्या दुसऱ्या आवृत्तीत ते वाक्य होतं," शेवटी ते म्हणालं. "वाक्याला कुणीतरी पाठीशी असलेला बरा दिसतो. म्हणून नाव घातलं. कुणी आक्षेप घेतला नाही, म्हणून ठेवलं."

"म्हणजे हे गृहस्थ होते का?"

"आमच्या माहितीत नाही."

खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. अठरा, बावीस आणि सव्वीस यांच्याही पोटात चौदा होता, तेही खाली मान घालून बसले. बिवलकरांनी खिशातून नियमावली काढली, चष्मा पुसला आणि वाचलं :

"जो संदर्भ अस्तित्वात नाही, त्याच्याशी विसंगत असता येत नाही." त्यांनी नियमावली मिटली. "डॉक्टर, आपला विरोध रद्द समजावा. आता आपण कुणाच्या विरुद्ध म्हणत नाही आहात. आपण पहिल्यांदाच म्हणत आहात. वाक्य तसं बदलून द्या. खुर्ची उचला."

बाईंनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्याच वाक्य बदललं. बाबलने खुर्ची डोक्यावर घेऊन बाहेर नेली. मग पंधरापासूनचे सगळे उठले आणि एकेक जागा पुढे सरकले. एरवी क्रमांक बदलायचा म्हटलं की संदर्भ आकाशपाताळ एक करतात, पण त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. नऊ नंबरने काठी जमिनीवर आपटली. व्हरांड्यातल्या 'आणि इतरां'नी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या आत पसरल्या. हेमलताबाई उघड उघड रडत होत्या आणि हसतही होत्या, आणि त्यांना त्याची काडीची लाज वाटत नव्हती.

बिवलकरांनी शिक्का मारला. "स्वीकृत," ते म्हणाले. त्यांनी चहा मात्र घेतला नाही, नियमात बसत नव्हता. चौदा नंबरचा चहा पाध्यांच्या साडूला मिळाला.

स्वीकृत झाल्यावर निबंध फाइलमधून उठून उभा राहिला. कडक इस्त्रीचा सदरा, डोळे बाईंसारखे.

"मी कुठे बसू?" त्याने विचारलं.

"इथे तुझी खुर्ची नाही," बाई म्हणाल्या. "तुला बोलावणं येईल."

बोलावणं पावसाळ्याआधीच आलं. काजू कारखान्यांतल्या भरपगारी रजेचा नवा आदेश निघायचा होता, आणि आदेशालाही संदर्भ लागतात. कामगार कार्यालयाची जीप दारात उभी राहिली. चालकाने कागद वाचून दाखवला : रजा सात आठवडे, संदर्भ क्रमांक एक, समक्ष हजर व्हावे.

बाईंनी निबंधाची कॉलर नीट केली आणि वाटेत खायला काजूची वडी बांधून दिली. तो जीपमध्ये बसल्यावर त्या खिडकीशी गेल्या.

"वर्षानंतर अर्धा श्वास थांब," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, कुणी न वाचता बसवलं तर उठून घरी यायचं."

"हो," तो म्हणाला, आणि जीप निघाली.