वेलासुराचा चौथा अवतार

आधीच सांगतो, माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत. शाळा मी नववीत सोडली (शाळेनेही फार आग्रह केला नाही). तेव्हा कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घाला.

चित्रकथांचं मासिक काढणाऱ्या एका छोट्या छापखान्यात मी कामाला आहे. पात्रांच्या तोंडाशी जे फुगे असतात, त्यांत अक्षरं भरायची, हे माझं काम. "धडाम", "खळ्ळ" आणि "सोड मला, दुष्टा!" एवढं मला झोपेतसुद्धा लिहिता येतं.

आमच्या मासिकाचा खलनायक म्हणजे वेलासुर. झाडं त्याचं ऐकतात. त्याने नुसतं बोट वर केलं की वेली सरसरत येतात, बँकेच्या तिजोऱ्या उपटतात आणि पोलिसांच्या गाड्या फांद्यांना टांगून ठेवतात. शेवटच्या पानावर नायक त्याला मारतो. मग काही महिन्यांनी तो एखाद्या बीमधून पुन्हा उगवतो. उगवताना चेहरा मात्र नवा असतो, कारण तोवर आमचा चित्रकार बदललेला असतो.

यात छापखान्याचा एक नियम आहे. वेलासुराचा चेहरा मनाने काढायचा नाही. ज्याला बघून चित्रकाराचे स्वतःचे हातपाय गार पडतात, त्याचा चेहरा द्यायचा. पहिल्या चित्रकाराने आपल्या घरमालकाचा दिला. म्हणून पहिला वेलासुर टकला, ढेरपोट्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. (त्याच्या वेली लोकांना घराबाहेर काढायच्या आणि दाराला विळखा घालून बसायच्या.) दुसरा वेलासुर म्हणजे कुणाचे तरी गणिताचे मास्तर. हडकुळे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, हातात पट्टी. त्यांच्यापुढे निवडुंगसुद्धा ओळीत उभे राहायचे. तिसरा आमच्या ताईने काढला. ताई म्हणजे आमची आत्ताची चित्रकार. तिचा वेलासुर देखणा, लांब पापण्यांचा, जाईल तिथे गुलाब फुलवणारा. तो कोण, हे आम्ही विचारलं नाही. पण शेवटच्या पानावर ताईने त्याला ज्या मायेने कुंडीखाली चिरडला, त्यावरून काय ते समजलो.

चौथ्या वेळी ताईचा हात नेमका मुरगळला आणि साहेबांनी मला आत बोलावलं. साहेब म्हणजे मासिकाचे मालक आणि संपादक, दोन्ही तेच.

"तू रेघ बरी ओढतोस. या वेळचा वेलासुर तू काढ. चेहरा कुणाचा देशील?"

"माझं कुणाशी वैर नाही, साहेब."

"वैर कुणाला पाहिजे? भीती पाहिजे. कुणाला घाबरतोस?"

"सगळ्यांनाच."

"त्यातला एक निवड," साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन उचलला.

आता इथे पिनबद्दल सांगायला हवं. पिन (तिला सगळे पिनच म्हणतात) आमच्याकडे बाइंडिंगला आहे. अंकांना पिना मारते आणि बोलतेही तशीच, एकदाच आणि आरपार. आमचं लग्न ठरलं होतं. म्हणजे तिने ठरवलं होतं आणि मी मान हलवली होती. उरला होता फक्त तिच्या बाबांचा होकार. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन ती लग्न करणार नव्हती, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलायचं धाडस मला या जन्मी होणार नव्हतं.

त्याच आठवड्यातल्या रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. तिचे बाबा, म्हणजे काका, वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. आता दिवसभर गच्चीवर, आपल्या झाडांत. त्यांनी मला समोर स्टुलावर बसवलं आणि स्वतः कात्रीने वाळकी पानं कापत राहिले.

"शिक्षण?" कच्.

"नववी."

"पास?" कच्.

"जवळजवळ."

यावर एक चांगलं हिरवं पान गेलं. "विचार करतो," काका म्हणाले, "पुढच्या रविवारी या."

घरी आलो, कागद पुढे ओढला आणि हात आपोआप चालू लागला. सुरवंटांसारख्या भुवया, नाकावरचा तीळ, कानातले केस, हातात कात्री. मी थांबवायचा प्रयत्न केला. (फार नाही.) दुसऱ्या दिवशी साहेब चित्राकडे बघतच राहिले.

"वा! हा माणूस खरोखर झाडांशी बोलत असेल असं वाटतं."

"बोलतात," मी म्हणालो.

अंक छपाईला गेला. काका चित्रकथा थोडेच वाचतात, अशी मी मनाची समजूत घातली. त्या घरातली एक पद्धत मला ठाऊक नव्हती. आमच्याकडे रंग सरकून वाया गेलेले मोठे कागद पिन घरी न्यायची आणि मातीचे डाग पडू नयेत म्हणून काका ते कुंड्यांखाली अंथरायचे.

पुढच्या रविवारी दार उघडलं ते पिननेच.

"आत येऊ नकोस," ती कुजबुजली. "म्हणजे ये. पण आधी सांग, वेलासुर म्हणजे बाबा आहेत?"

"नाही गं. थोडेसे."

"थोडेसे? कानातला केसन् केस काढलायस! काल मी गठ्ठा न बघता आणला. बाबांनी तो चष्म्याशिवाय अंथरला. वर गच्चीभर बाबाच बाबा झालेत!"

"मग आता?"

"आता मी चष्मा लपवलाय. ते शोधायला खाली येतील, तेवढ्यात सगळे कागद गोळा कर. आणि हे बघ, घाबरू नकोस."

हे मला सांगणं म्हणजे माशाला पोहू नकोस म्हणण्यासारखं होतं. तरी वर गेलो. काकांनी "बसा" म्हटलं, खिसे चाचपले आणि चष्मा शोधायला जिना उतरले.

मी खाली पाहिलं. सगळीकडून काका माझ्याकडे बघत होते. गुलाबाच्या कुंडीखालून एक डोळा, कोरफडीखालून भुवया, शेवंतीखालून तीळ. मी एकेक कुंडी उचलायची, कागद ओढायचा आणि शर्टात कोंबायचा, असा सपाटा लावला. पोट चांगलं गरगरीत झालं. शेवटी राहिली कोपऱ्यातली मोठी कुंडी. तिच्यातला वेल काठ्यांच्या मांडवावर चढवलेला होता. ती कुंडी काही उचलेना. म्हणून मी नुसता कागद ओढला. कागद आला. कागदामागून कुंडी आली, कुंडीमागून वेल आला आणि वेलामागून अख्खा मांडव माझ्या अंगावर आला.

घाबरल्यावर माणसाच्या तोंडून रोजच्या सवयीचंच काहीतरी निघतं. मी ओरडलो, "सोड मला, दुष्टा!"

तेव्हा काका जिन्यात उभे होते. चष्मा लावून. त्यांच्यामागे पिन.

त्यांनी आधी कात्री आणली. एकेक फांदी न दुखवता मला सोडवलं. (न दुखवता म्हणजे फांदीला.) मग माझ्या शर्टातून बाहेर आलेला कागद ओढून उजेडात धरला.

"अगं, जरा वर ये," त्यांनी काकूंना हाक मारली. "हा कोण वाटतो?"

काकूंनी पाहिलं. "अय्या, तुम्हीच की! तीळसुद्धा आहे. लग्नात तरी इतका चांगला फोटो आला होता का तुमचा?"

पिनने डोळे मिटून घेतले. काका माझ्याकडे वळले.

"याचं शेवटी काय होतं?"

इथे शहाणा माणूस काहीतरी थाप मारतो. मी म्हणालो, "मरतो."

"कोण मारतो?"

"नायक. एक तरुण मुलगा आहे."

"काय करतो?"

"उडतो."

"नोकरी?"

"दाखवलेली नाही."

"शिक्षण?"

"तेही नाही, काका."

"कशाने मारतो, ते नाही विचारलंत," काकू म्हणाल्या. त्यांना आता गोष्टीत रस आला होता.

"तणनाशकाने," मी म्हणालो.

काका मटकन स्टुलावर बसले. "माझी मुलगी मागायला आलात आणि माझ्यावर तणनाशक?"

"बाबा, तो पुन्हा उगवतो," पिन मध्ये पडली. "आत्तापर्यंत प्रत्येक वेळी उगवलाय."

"उगवून पुन्हा मरायचंच ना? झाडं सांभाळणारा हरणार आणि बिननोकरीचा उडणारा जिंकणार, हा कुठला न्याय?" त्यांनी कागदाची घडी केली आणि नीट खिशात ठेवली. "चेहऱ्याला माझी हरकत नाही. रुबाबदार आलाय. पण पुढच्या अंकात मी जिंकलो पाहिजे. तसं तुमच्या साहेबांकडून कबूल करून घेतलंत तर लग्नाचं बोलू. नाहीतर राहू द्या."

जिन्यात पिनने माझ्या केसांतलं पान काढलं. "उद्या सकाळी साहेबांशी बोल. आणि 'जमल्यास' म्हणायचं नाही. कळलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो.

"साहेब, वेलासुर जिंकला पाहिजे. जम..." मी उरलेला शब्द गिळला. "लग्नाचा प्रश्न आहे."

"कुणाच्या? वेलासुराच्या?"

मी सगळं सांगितलं. साहेब इतके हसले की चहा टेबलावर सांडला. मग डोळे पुसत म्हणाले, "जिंकू दे एकदा. वाचकांनाही हा म्हातारा आवडेल. पण नायकाला हात लावायचा नाही, मासिक त्याच्यावर चालतं. वेलासुर हरवणार कुणाला? कुणीतरी भित्रा माणूस लागेल. पहिल्याच पानावर वेलीत अडकलेला, केविलवाणा. आत्ताच काढून दाखव."

मी यंत्रापलीकडच्या बेसिनपाशी गेलो. तिथे भिंतीला आरसा आहे. त्यात बघत बघत चित्र काढलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "वेली झकास. वेलासुर तर फारच झकास. हा माणूस मात्र खोटा वाटतो रे. इतकं घाबरट कुणी असतं का? वाचकांना पटायचं नाही. जरा धीट कर त्याला."

मी "हो साहेब" म्हणालो, जागेवर जाऊन बसलो आणि त्याला मिशा काढल्या. त्यातली डावी जरा थरथरलीच.